दोघांचं घर, दोघांचं सिबिल

गृहकर्जाच्या अर्जावर नवरा-बायको दोघं सह्या करतात, पण बँक पत तपासते ती एकेकाची. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. स्कूटीचं कर्ज वेळेवर फिटलेलं, सिबिल स्कोअर ७८०. आमचे हे वसमत तालुक्यात हळद आणि सोयाबीन करतात. हिंगोलीत एक बांधलेलं घर आम्हाला पसंत पडलं, ते दोघांच्या नावावर घ्यायचं ठरलं. घराची मालकी दोघांची असली की बँक दोघांनाही कर्जदार करून घेते. ह्यांचा स्कोअर निघाला ६१२ आणि आमची फाइल तिथंच थांबली. माझा स्कोअर चांगला आहे, मग सरासरी धरतील, अशी आमची समजूत होती. तसं होत नाही. दोघांपैकी ज्याचा स्कोअर कमी, तोच बऱ्याच बँका धरतात.

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकार बँकांना पुन्हा पुन्हा बजावतं. त्यामुळे शेतकऱ्याला सिबिल लागत नाही, असा आमच्याकडे पक्का समज आहे. पण पीककर्जाची नोंद सिबिलमध्ये होतेच, आणि घरासाठी अर्ज केला की ती समोर येते.

ह्यांचा पूर्ण अहवाल काढून आम्ही एकेक ओळ वाचली. प्रत्येक कर्जाखाली महिन्या-महिन्याची चौकट असते. हप्ता वेळेवर असेल तर तिथं तीन शून्यं, नाहीतर किती दिवस थकला तो आकडा. ह्यांचं पीककर्ज २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत माफ झालं होतं, पैसे शासनाकडून बँकेत जमाही झाले होते. अहवालात मात्र ते खातं अजून थकीतच होतं. बँकेनं पुढं कळवलंच नव्हतं.

दुसरी नोंद ह्यांच्या स्वतःच्या कर्जाची नव्हतीच. चुलत दिरांच्या ट्रॅक्टरला हे जामीन राहिलेले. ट्रॅक्टरचा हप्ता सहामाही असतो. एका वर्षी पावसानं हळद सडली, हप्ता पाच महिने उशिरा भरला गेला. घरच्यांच्या लेखी तो एकच हप्ता. अहवालात मात्र चौकटीमागून चौकट ३०, ६०, ९० असा आकडा चढत गेलेला, आणि तो जामीनदार म्हणून ह्यांच्याही नावावर. भावकीत जामीन राहायला नाही म्हणता येत नाही, हे मी जाणते आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण जामीनकीची सही म्हणजे आपल्याच डोक्यावरचं कर्ज, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. हप्ता कधी आहे, भरला का, हे भावाला विचारण्यात संकोच धरू नये. मधेच जामिनातून निघायचं तर कर्ज देणाऱ्याची संमती लागते, आणि बहुधा तो दुसरा जामीनदार मागतो.

कर्जमाफीची नोंद दुरुस्त झाली. त्यासाठी आधी शाखेतून बेबाकी प्रमाणपत्र घेतलं, मग बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली आणि सिबिलच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवली. सिबिल स्वतः काही बदलत नाही, बँकेनं दुजोरा दिला तरच बदल होतो. म्हणून दोन्हीकडे तक्रार हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तोंडी विचारपूस करत बसलं तर या नियमाचा काही उपयोग नाही, तारखेची पोच हातात पाहिजे. ट्रॅक्टरची नोंद खरी होती, ती पुसता येत नाही. पुढचे हप्ते वेळेवर जात राहिले तसा तिचा भार कमी होत गेला.

मधल्या काळात अनेकांनी सुचवलं, घर एकटीच्या नावावर घ्या. त्यात फायदा आहे. फक्त स्त्रीच्या नावावर खरेदीखत झालं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. पण एकट्या पगारावर कर्ज कमी बसतं, आणि दोघांच्या कष्टाच्या घरात ह्यांचं नाव नसावं हे मला पटेना. आम्ही थांबलो. थांबणं स्वस्तच पडतं. २० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सव्वासहाशे रुपयांच्या वर वाढतो, म्हणजे शेवटपर्यंत दीड लाखावर रक्कम जास्त जाते. स्कोअर कमी असला की व्याजदर असाच चढतो.

बायांना एक वेगळं सांगायचं आहे. मायक्रोफायनान्सच्या गटातून घेतलेलं कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळं नोंदलं जातं. पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं असेल तर एकाच बाईच्या नोंदी दोन ठिकाणी विखुरतात, ते आधी एक करून घ्या. कधीच कर्ज घेतलेलं नसेल तरी घाबरू नका. पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे.

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर उतरत नाही. थोड्या दिवसांत चार-पाच बँकांत अर्ज टाकले तर मात्र उतरतो. तेव्हा घर शोधायला निघण्याच्या सहा महिने आधीच दोघांनी एकत्र बसून दोघांचे अहवाल काढा. आणि तरीही इसार द्यायची वेळ आलीच, तर इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्या: बँकेनं कर्ज नामंजूर केल्यास इसाराची संपूर्ण रक्कम परत मिळेल. आमच्या घरमालकांनी ही ओळ खळखळ न करता लिहून दिली. जो लिहून देणार नाही, त्याला कर्जाची मंजुरी हातात येईपर्यंत इसार देऊ नका.