पद्मिनी मोटारीची गोष्ट

मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी तुमच्या आई-वडिलांनी पाहिली असेल. लोक तिला ‘फियाट’ म्हणायचे. तीच ही पद्मिनी.

ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा, म्हणजे आपल्या लातूरपासून फार लांबचा नाही. कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता.

सुरुवातीला इटलीच्या फियाट कंपनीचे सुटे भाग यायचे. इथले कामगार ते नुसते जोडायचे. जोडता जोडता ते शिकले आणि बरेचसे भाग इथंच तयार होऊ लागले. १९७४ साली गाडीला चितोडच्या राणी पद्मिनीचं नाव मिळालं. चार दारं, चार सिलिंडरचं इंजिन आणि गिअरची दांडी चक्क स्टिअरिंगपाशी!

तेव्हा मोटारी कमी, घेणारे जास्त. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. गिऱ्हाईक रांगेत उभंच होतं, म्हणून गाडीत फारसा बदल झाला नाही. १९८३ साली मारुती ८०० आली. ती हलकी, पेट्रोल कमी पिणारी. लोक तिकडे वळले. २००० सालाच्या सुमारास पद्मिनी बनणं थांबलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते. ती संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

पाहा, शिकलो म्हणून गाडी झाली. शिकणं थांबलं, तशी ती मागं पडली. आपलंही तसंच आहे.

घरी विचारून या : आपल्या गावात पहिली मोटार कोणती आली?