हिरड्या आणि रक्तातील साखर

मधुमेह म्हटला की आपल्याला डोळे, मूत्रपिंडे आणि पायाच्या जखमा आठवतात. हिरड्या आठवत नाहीत. वास्तविक या दोन विकारांचे नाते जवळचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा विषय केवळ दंतवैद्यांचा राहत नाही.

दातांच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर साठतो आणि पुढे त्याचे दगडासारखे कीटण बनते. हिरडी सुजते, रक्त येते, आतले हाड झिजते आणि दात हलू लागतो. यालाच लोक पायोरिया म्हणतात. या सुजेतून निघणारी द्रव्ये रक्तात मिसळून इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात व साखर वाढते. उलट, साखर वाढली की जंतूंशी झुंजण्याची शरीराची ताकद घटते आणि हिरड्या अधिकच बिघडतात. असे हे दुष्टचक्र आहे.

ते हिरड्यांच्या बाजूने तोडता येईल काय? संशोधकांचे उत्तर प्रथम एकमुखी नव्हते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ५१४ रुग्णांवरील अमेरिकन प्रयोगात साखरेत फरक आढळला नाही. मात्र २०२२ साली कॉक्रेन या संस्थेने अशा ३५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. हिरड्यांखालचे कीटण काढल्यावर तीन-चार महिन्यांनी ‘एचबीएवनसी’, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ०.४३ने उतरलेला दिसला. म्हणजे ८.४ असेल तर सुमारे ८. घट लहान आहे, पण खरी आहे. अर्थात ही औषधाला जोड आहे. गोळ्या किंवा इन्शुलिन बंद करण्याची सवलत नव्हे.

आता आमच्या चारकोपकडे वळू. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखलेली ही वसाहत. गावाकडून आलेल्या पिढीबरोबर मशेरीही इथे आली. माझी आजी साखरेची गोळी वेळेवर घेते आणि त्याच हाताने मशेरी लावते. तंबाखूने हिरड्या मागे सरतात, हे तिला पटत नाही. “दात साफ केले की ढिले होतात,” असे ती म्हणते. खरे असे की दात ढिला होतो तो हाड झिजल्यामुळे. कीटण निघाले की सूज उतरते आणि आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, एवढेच.

खर्चाची आणि बुडणाऱ्या रोजाची भीती मात्र खोटी नाही. त्यासाठी मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. १९३३ साली स्थापन झालेली ही संस्था लोकलच्या अंतरावर आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवणारे आपणच असतो. यापुढे तो वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा : “दात घासताना रक्त येते का?”