फायनल_फायनल_2 आणि मामा तलावावरचं घुबड

प्रोजेक्ट कसा करावा हे सांगणारे बरेच जण भेटतात. प्रोजेक्टची माहिती कुठे आणि कशी ठेवावी हे मात्र कुणी सांगत नाही, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं. म्हणून हा लेख.

आमचा चौघांचा मिनी प्रोजेक्ट होता नागझिरा परिसरातल्या पक्ष्यांचा वेबवरचा नकाशा. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आहे आणि डिसेंबर 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे सगळे जातात वाघ बघायला. आम्ही जानेवारीत पिटेझरी गेटने आत गेलो ते पक्षी मोजायला. वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो!

जंगलात नेटवर्क नाही. म्हणजे 'सगळं ऑनलाइन ठेवू' हा आमचा प्लॅन गेटवरच संपला. जिप्सीत वही आणि पेन्सिल, बाहेर गावाकडे फिरताना फोनवर ई-बर्ड. हे ॲप अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे आणि ई-बर्ड 2002 पासून सुरू आहे. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की नेटवर्क नसतानाही यादी फोनमध्ये तयार होते, नंतर रेंज आली की पाठवायची. ऑनलाइन साधन निवडताना 'हे ऑफलाइन चालतं का' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, बाकीची फीचर्स नंतर.

परत आल्यावर सगळं गूगल शीट्समध्ये भरलं आणि घोळ सुरू झाला. आमच्या यादीत पक्ष्यांच्या जाती भलत्याच जास्त निघाल्या. कारण? गाइडदादा सांगत 'हळद्या', मी कॉन्व्हेंटवाली, मी लिहिलं 'गोल्डन ओरिओल', आणि तिसऱ्याने घाईत नुसतंच 'ओरियल'. पक्षी एक, नावं तीन, कॉम्प्युटरच्या दृष्टीने जातीही तीन. मग शीटमध्ये नावाच्या रकान्याला ड्रॉपडाउन लावला. शास्त्रीय नाव यादीतूनच निवडायचं, हाताने टाइप करायचं नाही. मराठी नाव शेजारच्या रकान्यात. दहा मिनिटांचं काम, ते आधी केलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

दुसरा घोळ वेळेचा. आलेखात मोर रात्री दोनला हिंडताना दिसू लागले. एका कॅमेऱ्याच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळ उलटं लावलेलं होतं, बरोबर बारा तासांचा फरक. फरक सगळ्या फोटोंना सारखाच असल्याने एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रामने एका आज्ञेत सगळ्यांची वेळ सरकवली. आता आम्ही निघण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढतो, म्हणजे फरक नंतरही कळतो. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तसं केलं की फाइल्स आपोआप तारखेनुसार रांगेत लागतात. 'फायनल', 'फायनल_फायनल', 'फायनल_फायनल_2' या नावांबद्दल मी बोलणार नाही, ती तुमच्याही डेस्कटॉपवर आहेत.

ट्रेलोबद्दल थोडक्यात: 'करायचे', 'चालू', 'झाले' असे तीन स्तंभ आणि कार्डं इकडून तिकडे सरकवायची. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान पद्धतीची. साधन छानच आहे, पण आम्ही आठ दिवसांत ते उघडणं सोडून दिलं. हॉस्टेलच्या दारावर चिकटवलेला कागद जास्त उपयोगी पडला. चार जण एकाच मजल्यावर राहत असतील तर माझं मत कागदालाच.

आता खरी गोष्ट. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. अभयारण्याबाहेरच्या अशाच एका तलावाच्या काठी गाइडदादांनी आम्हाला मासेमार घुबडाचं घरटं दाखवलं, मोठ्या झाडाच्या ढोलीत. म्हणाले, "कोनाले सांगू नका बरं." घुबडं जादूटोण्याच्या नादापायी पकडली जातात, दिवाळीच्या सुमारास जास्तच. आम्ही माना डोलावल्या.

आणि मग मीच त्या घरट्याचे अक्षांश-रेखांश इतर नोंदींबरोबर शीटमध्ये टाकले आणि ती फाइल आमच्या गिटहबवरच्या कोडबरोबर चढवली. सगळ्या जगाला खुली. चार दशांश स्थळं, म्हणजे साधारण अकरा मीटरपर्यंत अचूक. झाड सापडायला तेवढं पुरे.

चूक लक्षात आल्यावर ती ओळ काढून फाइल पुन्हा चढवली आणि सुटकेचा श्वास टाकला. चार दिवसांनी एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, ते घुबड कुठल्या तलावावरचं?" त्याने जुनी आवृत्ती उघडून बघितली होती. गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलं, आणि त्याचा गुणच असा की ते प्रत्येक टप्पा जपून ठेवतं. आज ओळ खोडली तरी कालच्या टप्प्यात ती तशीच असते. इतिहास नव्याने लिहिता येतो, पण मधल्या काळात कुणी कॉपी घेतली असेल तर ती आपल्या हातात नाही. आमची कुणी घेतलेली दिसत नव्हती. आम्ही अख्खी रिपॉझिटरी उडवली आणि नवी केली, आधी खासगी. दोन महिन्यांचा इतिहास गेला, जाऊ दे.

हे अति वाटत असेल तर सांगते. पन्ना इथल्या कॉलर लावलेल्या वाघाची जीपीएस माहिती ज्या ईमेल खात्यावर येत होती, ते उघडण्याचा प्रयत्न झाल्याची बातमी 2013 मध्ये आली होती. प्रयत्न पुण्यातून झाला होता म्हणे.

मग आम्ही नियम केला. शीट दोन: एक खरी, फक्त आमच्यासाठी, दुसरी नकाशासाठी. नाजूक नोंदींना दुसऱ्या शीटमध्ये एकच दशांश स्थळ, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरचा ढोबळपणा. दोन स्थळं ठेवली तर साधारण एक किलोमीटर, त्यात तलाव ओळखू येतो. आय-नॅचरलिस्ट हे संकेतस्थळही धोक्यातल्या जातींची जागा अशीच धूसर करून दाखवतं. आणि फोटो! फोनच्या फोटोत जागेची नोंद आतच दडलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती गळून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. चढवण्याआधी ती पुसायची.

गाइडदादांना फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाहून येतो." संध्याकाळी त्यांचा फोन आला, पिल्लू ढोलीतच होतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, सगळे ठिपके नेमके, मग हाच एक एवढा मोठा गोल का? जीपीएस बिघडलं होतं का? मी म्हटलं, नाही सर, मुद्दाम केलंय, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.