खारेपाटाचे भात : बियाणे घेण्यापूर्वी

उधाणात बांध फुटला की पेण-अलिबागच्या खारेपाटातील भात हातचे जाते. जमिनीतील मिठामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही. शिवाय सोडियम पानांत साचून शेंडे करपतात. रोप व फुलोरा या अवस्था सर्वात नाजूक.

पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या 'पनवेल' जाती संकर व निवडीतून आल्या. मे २०२५ मध्ये जाहीर झालेला 'पुसा डीएसटी राईस १' मात्र 'एमटीयू १०१०' चे डीएसटी जनुक निकामी करून बनविला आहे. परके जनुक त्यात नाही. क्षार सोसतो, पण समुद्राच्या पाण्यात पिकेल असे कोणी समजू नये!

पनवेलच्या जाती सरळ वाणाच्या, हायब्रिड नव्हेत. भेसळ काढून राखलेले घरचे बी पुढच्या हंगामातही चालते. दुकानदार दरवर्षी नवी पिशवी घ्या म्हणाला, तर कारण जरूर विचारावे.