टोमॅटोसाठी डबा निवडताना

गच्चीवर वा गॅलरीत टोमॅटोची चार रोपे लावावीत, असे अनेकांच्या मनात येते. बी कोणते, खत कोणते, हे सारे विचारतात. डबा पूर्वी कशाचा होता, हे मात्र कोणी विचारत नाही. डॉक्टर म्हणून मला तोच प्रश्न आधी महत्त्वाचा वाटतो.

सोलापूर हे चादरी-टॉवेलचे गाव. सूत रंगवण्याच्या रसायनांचे जुने प्लास्टिकचे पिंप भाजीसाठी घेऊ नये. प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन धुऊन पुरते जात नाही. कीटकनाशकाचा डबा तर मुळीच नको. त्यावरील चौकटीत लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

त्यापेक्षा खाद्यतेलाचा 15 किलोचा रिकामा डबा बरा. गरम पाण्याने व साबणाने धुऊन तळाला चार-पाच छिद्रे पाडावीत, वरच्या कडा ठोकून बोथट कराव्यात. (गंजक्या पत्र्याने कापल्यास धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे.) एका डब्यात एकच रोप. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, पत्रा तापून मुळे भाजतात. म्हणून भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. मातीची कुंडी थंड राहते, पण ती जड, आणि पाणीही अधिक मागते.

कुंडीखालच्या थाळीकडे लक्ष हवे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ती कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. तेव्हा दर आठवड्याला थाळी नुसती ओतून रिकामी करू नये, घासून घ्यावी.