टोरंटोचा परवाना न्यू जर्सीत चालेल का?

प्रश्न : मुलगी टोरंटोत पॅरालीगल आहे. लग्नानंतर ती न्यू जर्सीला जाणार. तिथे तिला हेच काम करता येईल?

उत्तर : हेच काम नाही, ताई. ऑन्टॅरिओत २००७ पासून पॅरालीगलना लॉ सोसायटी परवाना देते. भाडेकरूला घर सोडायची नोटीस आली किंवा कुणाला वाहतुकीचा दंड झाला, तर तुमची मुलगी स्वतः अशिलाची बाजू मांडते, फी घेते; गैरवर्तनाचा जाबही तिलाच द्यावा लागतो. न्यू जर्सीत असा परवानाच नाही. तिथे वकिलाच्या देखरेखीखालीच काम करायचं. स्वतंत्रपणे कायदेशीर सल्ला दिला, तर विनापरवाना वकिली केल्याचा ठपका येतो. अ‍ॅरिझोनाने मात्र परवानाधारक पॅराप्रोफेशनलना काही प्रकरणांत कोर्टात उभं राहू दिलंय. वकील न परवडणाऱ्यांसाठी मला हाच मार्ग न्याय्य वाटतो. मुलीने नोकरीच्या अर्जात सुनावण्यांचा अनुभव ठळक लिहावा. वकिलांच्या कार्यालयांना त्याची किंमत कळते.