मोर्चाच्या दिवशी मासळी आणायला निघालेला माणूस

युद्धविरोधी मोर्चा म्हटलं की डोळ्यांसमोर घोषणा, फलक आणि पोलीस येतात. पण त्याच दिवशी त्याच शहरात कुणी बाजारहाट करत असतं, कुणी आजारी आईला भेटायला निघालेलं असतं, कुणी रस्ता झाडत असतं. साहित्यात या माणसांना जागा कुठे? हा प्रश्न तपासण्यासाठी मी एक शहर, एक दिवस आणि त्या दिवसावरची एक कादंबरी घेतली आहे. शहर लंडन, दिवस शनिवार, १५ फेब्रुवारी २००३, आणि कादंबरी इयान मॅक्युअन यांची 'सॅटर्डे' (२००५).

प्रत्यक्ष दिवस

तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन इराकवर हल्ल्याची तयारी करत होते. त्याला विरोध म्हणून त्या दिवशी जगभरातल्या शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले. लंडनमध्ये एक मोर्चा थेम्सकाठच्या एम्बँकमेंटवरून आणि दुसरा गावर स्ट्रीटवरून निघाला. पिकॅडिलीला दोन्ही एकत्र होऊन हाइड पार्ककडे गेले. पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख माणसं होती, आयोजकांच्या मते वीस लाखांपर्यंत. त्याआधी सभेला परवानगी देताना सरकारने बरीच खळखळ केली होती. सुरक्षिततेबरोबर पार्कातल्या गवताचंही कारण पुढे आलं होतं!

त्या दिवशीचा एक फलक खूप गाजला. त्याचा मराठीत अर्थ असा: 'युद्ध नको, चहा करा.' १९६० च्या दशकातल्या 'युद्ध नको, प्रेम करा' या घोषणेवरचा हा विनोद. पण नुसता विनोद म्हणून तो सोडू नये. चहा ही इंग्रजी घरातली सर्वांत साधी, रोजची गोष्ट. आम्हाला हे रोजचं जगणं हवं आहे आणि बगदादमधल्या माणसालाही ते मिळायला हवं, असं तो फलक म्हणतो, असं मला वाटतं.

आता आपला शब्द बघा. 'मोर्चा' हा मुळात लष्करी शब्द. तटबंदी, तोफा लावायची जागा, असा त्याचा जुना अर्थ. 'मोर्चेबांधणी'त तो अजून टिकून आहे. आज मराठीत आपण शांततेसाठीही 'मोर्चा'च काढतो.

कादंबरीतला दिवस

मॅक्युअन आपल्याला मोर्चात नेत नाहीत. त्यांचा नायक हेन्री पेरोन हा मेंदूचा सर्जन. शनिवारी त्याला सुट्टी असते. स्क्वॉश खेळायचं, रात्रीच्या जेवणासाठी मासळी घ्यायची, वृद्धाश्रमात स्मृती हरवलेल्या आईला भेटायचं, असा त्याचा बेत. मोर्चामुळे टॉटनहॅम कोर्ट रोड वाहनांना बंद असतो. एक पोलीस त्याची गाडी तेवढी पलीकडे जाऊ देतो आणि पुढच्या गल्लीत ती दुसऱ्या गाडीला घासते. त्या किरकोळ अपघातातूनच रात्रीचं संकट त्याच्या घरात शिरतं. मोर्चात न गेलेल्या माणसाचाही दिवस मोर्चाने बदलला, तो असा.

एक लहानसा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एक सफाई कामगार मन लावून रस्त्याची कड झाडत असतो, आणि त्याच्या पाठीमागे मोर्चाला जमलेल्यांच्या पायांखाली कागदी कप साठत असतात. लेखक त्यावर भाषण देत नाही. कप कुणी उचलायचे, हे वाचकाला आपोआप कळतं.

पेरोन मोर्चात का जात नाही? त्याने एका इराकी प्राध्यापकावर उपचार केलेले असतात. सद्दाम हुसेनच्या तुरुंगात झालेला छळ त्या प्राध्यापकाने त्याला सांगितलेला असतो. संध्याकाळी पॅरिसहून आलेली त्याची मुलगी डेझी युद्धाच्या ठाम विरोधात असते. बापलेकीचं भांडण जुंपतं ते स्वयंपाकघरात, मासळीचा रस्सा शिजत असताना. दोघंही माणसांच्या साध्या जगण्याची बाजू घेऊन भांडतात. तुरुंगाने ते संपवलं, असं तो म्हणतो. बॉम्ब ते संपवतील, असं ती म्हणते.

माझं मत

हे भांडण मला परकं वाटत नाही. १९९० साली इराकने कुवेत घेतलं, तेव्हा एअर इंडियाने अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणलं. माझे मामा त्यांच्यातले एक. हातात एक बॅग, बाकी सगळं तिकडेच राहिलं. पुढे ते पुन्हा कुवेतला गेले आणि २००३ मध्ये क्षेपणास्त्रांच्या भोंग्यांखाली त्यांनी नोकरी केली. "सद्दाम गेला ते बरंच झालं," असं ते आजही म्हणतात. आणि लगेच, "पण लढाई कुणाच्या दारात नको रे बाबा," असंही म्हणतात.

मी डेझीच्या बाजूची आहे. प्राध्यापकाचा छळ खरा होता, पण बॉम्ब छळणारा आणि छळलेला यांत निवड करत नाही. त्या वेळचे पोप जॉन पॉल दुसरे यांनीही या युद्धाला उघड विरोध केला होता. तरीही पेरोनच्या प्रश्नाला उत्तर न देता नुसत्या घोषणा देणं मला अपुरं वाटतं. या कादंबरीचं मोल त्यात आहे: ती विरोधी बाजूला खरं कारण देते.

मोर्चानंतर पाच आठवड्यांच्या आत, २० मार्च २००३ रोजी, युद्ध सुरू झालं. मग मोर्चा वाया गेला का? लाखो माणसांनी आपला सुट्टीचा शनिवार अनोळखी माणसांच्या शनिवारासाठी खर्च केला. मला ते वाया गेल्यासारखं वाटत नाही.

मंडळाच्या चर्चेसाठी

१. सफाई कामगार मोर्चाच्या आत आहे की बाहेर?
२. डेझीने प्राध्यापकाला काय उत्तर द्यावं?
३. आपल्या गावात निघालेला एखादा मोर्चा आठवा. त्या दिवशी मोर्चात नसलेल्या एका माणसाच्या नजरेतून तो एका पानात लिहा.